माळ्यावरचे रेनकोट आणि ठरलेलं लग्न

ताई,
मी ३३ वर्षांचा आहे. मूळ गाव चिपळूणजवळ, नोकरी पुण्यात, एकटाच राहतो. मला लहानपणापासून रेनकोटचं वेड आहे. जूनमध्ये शाळा सुरू होताना नवा रेनकोट यायचा. त्याचा वास, त्याची सळसळ, पाऊस अंगावर वाजतोय पण लागत नाही ही भावना मला इतकी आवडायची की ऊन पडलं तरी मी तो काढत नसे. मोठेपणी हे जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. आज माझ्याकडे चौदा रेनकोट, रबरी गमबूट आणि मच्छीमार घालतात तसला जाड पिवळा सूट आहे. सगळं माळ्यावर एका पोत्यात कोंबून ठेवलंय. सुट्टीच्या दिवशी दार लावून घालून बसतो. बहुतेक वेळा नुसतं शांत वाटतं. कधी कधी त्यात शरीराची ओढही असते, खोटं कशाला बोलू. दोनदा सगळं टाकून दिलं, एकदा गावी परसात जाळलंसुद्धा. काही महिन्यांत पुन्हा घेतलं. आता लग्न ठरलंय. साखरपुडा दसऱ्याला, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. मुलगी चांगली आहे, आम्ही रोज बोलतो. हे तिला सांगायचं का? की सगळं पुन्हा जाळून मोकळं व्हायचं? आजार असेल तर उपचार सांगा. आणि आईला कळलं तर काय?
— एक वाचक, पुणे

प्रिय वाचक,

सांगा. साखरपुड्याच्या आधी सांगा. आणि या वेळी काहीही जाळू नका.

जाळण्याचं आधी बोलते, कारण तुमच्या पत्रात जिवाला खरोखर अपाय करणारी गोष्ट तेवढीच आहे. बाजारातला स्वस्त, चकचकीत रेनकोट बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचा असतो. मूळ पीव्हीसीत वजनाने ५७ टक्के क्लोरीन असतं. तो पेटला की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि नाकाघशातल्या ओलाव्यात मिसळून त्याचं आम्ल होतं. परसातली आग धुमसती, अर्धवट असते. अशा आगीत डायॉक्सिन ही विषारी रसायनंही तयार होतात. ती मातीत आणि चाऱ्यावर बसतात, तिथून गुरांच्या दुधात उतरतात. तेव्हा नको असलेला कोट कोणाला तरी द्या, किंवा सुक्या कचऱ्यात टाका. काडी लावू नका.

पण मुळात टाकायचा कशाला? कापडाची, कपड्याची अशी ओढ असलेल्या माणसांच्या आयुष्यात हे चक्र फार नेहमीचं आहे. घ्यायचं, लपवायचं, लाज असह्य झाली की एका रात्रीत सगळं नाहीसं करायचं. चार दिवस हलकं वाटतं, मग पाय पुन्हा दुकानाकडे वळतात. तुम्ही दोनदा या फेऱ्यातून गेला आहात. लग्नाआधी पुन्हा सगळं जाळाल, तर पुढच्या जूनमध्ये दुकानांबाहेर टांगलेले कोट दिसल्यावर काय होईल हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. फरक इतकाच, की तेव्हा लपवालपवी चालू असताना घरात बायको असेल. तिला माळ्यावर पोतं सापडेल, आणि तिच्या मनात पहिला प्रश्न रेनकोटचा येणार नाही. 'याने माझ्यापासून आणखी काय लपवलंय?' हा येईल. मला येणाऱ्या पत्रांत संसार मोडकळीला आलेले दिसतात ते बहुतेक या दुसऱ्या प्रश्नापायी.

आता आजाराचं. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून, हा आजार नाही. हे तुमचं मन राखायला म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीत, म्हणजे आयसीडीच्या दहाव्या आवृत्तीत, वस्तूंविषयीच्या लैंगिक आकर्षणाची स्वतंत्र नोंद होती, आणि तिथे उदाहरणादाखल रबर, प्लॅस्टिक आणि चामडं यांच्या स्पर्शाचा उल्लेखही होता. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यातून ही नोंद काढून टाकली आहे. स्वीडनने हेच २००९ मध्ये आणि नॉर्वेने २०१० मध्ये आपल्यापुरतं केलं होतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची २०१३ ची नियमावली सांगते की नुसतं वेगळं आकर्षण म्हणजे विकार नव्हे. त्यापायी माणूस स्वतः खचत असेल, त्याचं रोजचं जगणं अडत असेल किंवा दुसऱ्याला इजा होत असेल, तरच विकाराचा विचार करायचा.

तुम्ही खचलेले आहात हे पत्रात दिसतं. पण कशामुळे? रेनकोट घातल्यावर तुम्हाला शांत वाटतं, असं तुम्हीच लिहिलंय. त्रास सुरू होतो तो कोणाला कळेल या भीतीने. ही भीती औषधाने जात नाही. विश्वासाच्या एका माणसाशी बोलल्यावर ती बरीच उतरते.

एक विनंती मात्र हात जोडून करते. 'गुप्तरोग', 'पुरुषांच्या समस्या' अशा पाट्या लावून बसलेल्यांकडे जाऊ नका. असल्या आवडी उपटून काढायचे प्रयोग पूर्वी मोठमोठ्या डॉक्टरांनीही केले आहेत. ब्रिटनमध्ये १९५६ साली एका डॉक्टरने आपल्या रुग्णाची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. त्या माणसाला हँडबॅग आणि बाबागाड्यांचं आकर्षण होतं. त्या वस्तू समोर ठेवून त्याला मळमळ आणणारी इंजेक्शनं देत राहिले, दिवसरात्र. वाचताना अंगावर काटा येतो. तुम्हाला तज्ज्ञाशी बोलायचंच असेल, आणि लग्नाआधी एकदा बोललात तर बरंच, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. 'मला बरं करा' म्हणून जाऊ नका, 'मला या गोष्टीसह लग्न करायचंय' असं सांगा. रात्री-अपरात्री फार उदास वाटलं तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

तिला काय सांगायचं, याकडे येते. तुम्ही 'वेड' म्हणालात, तिच्यासमोर तो शब्द वापरू नका. आवड म्हणा. या आवडीला भूतकाळ आहे, आणि तो तुम्हाला माहीत असला तर बोलताना तुमची मान खाली जाणार नाही.

१८२३ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी कोळशापासून गॅस बनवताना निघणाऱ्या नॅफ्था या द्रावकात रबर विरघळवलं, ते दोन कापडांच्या मध्ये पसरलं आणि त्या कापडाचं पेटंट घेतलं. ते कोट थंडीत पत्र्यासारखे कडक व्हायचे, उन्हात चिकट व्हायचे आणि त्यांना उग्र वास यायचा. १८४४ च्या सुमारास गंधकाबरोबर रबर तापवून टिकाऊ करायची रीत अमेरिकेत गुडइयर आणि इंग्लंडात हॅनकॉक यांनी आणली, तेव्हा कुठे ते नीट अंगावर चढले. तरी लोकांनी ते आधीपासून घातले होतेच. १९२६ मध्ये वाल्डो सीमन यांनी कडक पीव्हीसीला मऊ करण्याची युक्ती शोधली. नव्या रेनकोटच्या ज्या वासाने तुमचा जून सुरू व्हायचा, त्यात या मऊ करणाऱ्या रसायनांचा मोठा वाटा. १९६३ मध्ये मेरी क्वांट यांनी पीव्हीसीच्या कपड्यांचा एक संचच पॅरिसमध्ये मांडला. पावसासाठीचं प्लॅस्टिक तिथे फॅशन म्हणून, मिरवण्यासाठी आलं. जर्मनीत रोझेनहाइमच्या, घडी होणाऱ्या होड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या क्लेपर कंपनीचे रबरी कोट मोठी माणसं आजही जिवापाड जपतात, जुने शोधून विकत घेतात. आपल्याकडे सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० साली कोलकात्यात सुरू केलेल्या कारखान्याचा डकबॅक रेनकोट आठवा. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी घरांत वडिलांचा डकबॅक ही वारशाने मुलाकडे येणारी वस्तू होती.

आणि तुम्ही तर चिपळूणकडचे! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो त्या मुलखातले. लावणीला वाकलेल्या बायांच्या डोक्यापासून पाठीपर्यंत बांबू-पानांचं इरलं असायचं, नंतर तिथे प्लॅस्टिकचा कागद आला. घाटावर घोंगडीची खोळ. पावसाच्या मुलखात आपल्याभोवती कोरडं घर करून त्यात उभं राहण्याचं सुख तुमच्या आजीलाही माहीत असणार. तुमची आवड त्या सुखातूनच वाढली आहे, पुढे तिला आणखी एक धुमारा फुटला इतकंच. होणाऱ्या बायकोला सांगताना याच क्रमाने सांगा. आधी शाळेचा जून, मग मोठेपणीची शांतता, मग शरीराची ओढ. शेवटचा भाग गाळू नका. तेवढं गाळून सांगितलंत तर अर्धं लपवल्यासारखंच होईल, आणि ते अर्धं लग्नानंतर उघडं पडेल.

फोनवर सांगू नका, लिहून तर मुळीच नको. एखाद्या सकाळी तळजाईवर किंवा जिथे तुम्ही दोघं निवांत चालू शकाल तिथे भेटा. चालताना अशा गोष्टी सोप्या जातात, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. कोट दाखवायला नेऊ नका, फोटोही नको. शब्द साधे ठेवा. मी तुमच्या जागी असते तर असं म्हटलं असतं: 'मला तुला एक माझी खासगी गोष्ट सांगायची आहे. ती वाईट नाही, पण वेगळी आहे, आणि लग्नाआधी तुला माहीत असायला हवी असं मला वाटतं. मला रेनकोट आवडतात, लहानपणापासून. घरी घालून बसलो की मला शांत वाटतं. कधी कधी त्यात लैंगिक आकर्षणही असतं. तू यात काही करावंस असं माझं मागणं नाही. तुला जे विचारायचं ते विचार, आज किंवा नंतर कधीही.' एवढं बोलून गप्प बसा. त्या शांततेत भरीला भर घालून, हसून, विषय उडवून लावायचा मोह होईल. तो आवरा.

ती विचारेल. तुला मुली आवडतात ना? माझ्याशिवाय हे कोणाबरोबर केलंयस का? मलाही ते घालावं लागेल का? आणि एक प्रश्न ती कदाचित त्याच दिवशी विचारणार नाही, पण तिच्या मनात असेल: कोट नसला तर तुला मी आवडेन का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी स्वतःशी शोधून जा. एखाद्या व्यक्तीविषयी, तिच्या हसण्याविषयी, तिच्या जवळ असण्याविषयी तुम्हाला ओढ वाटते का? वाटत असेल तर ते तिला स्पष्ट सांगा, तिला त्याची गरज आहे. आणि कोटाशिवाय जवळीक अशक्यच आहे असं प्रामाणिकपणे वाटत असेल, तर साखरपुडा थोडा पुढे ढकला आणि आधी तज्ज्ञाला भेटा. दसऱ्याचा मुहूर्त हुकला तर पुढचा काढता येतो.

ती नाही म्हणू शकते. घालणार नाही असं म्हणू शकते, घरात नकोत असं म्हणू शकते, लग्नालाही नाही म्हणू शकते. तिच्या प्रत्येक नकाराचा मान ठेवा. तिला जुनाट, कोत्या मनाची म्हणू नका. तुम्हाला ही गोष्ट पचवायला तेहेतीस वर्षं कमी पडली, तिला तुम्ही एक सकाळ देताय. पण बऱ्याच मुली असं ऐकून आधी गोंधळतात आणि मग सुटकेचा निःश्वास टाकतात, हेही खरं. दारू नाही, जुगार नाही, दुसरी बाई नाही. नवऱ्याला रेनकोट आवडतात. हे ऐकून 'मला आधी वाटलं काय सांगतोस कोण जाणे' म्हणणाऱ्या मुली मला माहीत आहेत.

ती होय म्हणाली, तरी पुढे एक नियम पाळा. ज्या दिवशी तिला नको असेल त्या दिवशी नको. एकदा हौसेने घातला म्हणून दर वेळी घालायचा करार झाला असं समजू नका. आणि ज्यांनी यात सहभागी व्हायला होकार दिलेला नाही, त्यांना यात ओढू नका. पावसात कोट घालून फिरणं हा सगळ्यांचाच हक्क आहे, तो मनसोक्त बजावा. त्यातला खासगी भाग घरात ठेवा.

थोडं अंगाचंही बोलते, कारण हे कोणी सांगत नाही. पीव्हीसी आणि रबर घाम बाहेर जाऊ देत नाहीत. घाम सुकला नाही की अंग थंड होत नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन उतरवण्यासाठी रबरी-प्लॅस्टिकचे सूट घालून, पाणी न पिता, गरम खोलीत व्यायाम करणारे तीन कॉलेजचे पैलवान महिन्याभरात दगावले, आणि नंतर तिथल्या कॉलेज क्रीडासंस्थेने त्या सूटांवर बंदी घातली. तुम्ही शांत बसता, धावत नाही, तरी एप्रिल-मेमध्ये पंखा चालू ठेवा, पाणी जवळ ठेवा, डोकं जड झालं किंवा मळमळलं की लगेच काढा. त्यात झोपू नका. नाकातोंडावर प्लॅस्टिक कधीही, एका क्षणासाठीही नको. गमबुटांत पाय ओले राहिले की बोटांच्या बेचक्यांत बुरशी होते, म्हणून पाय कोरडे करून सुती मोजे घाला. पुरळ उठत असेल तर त्वचेच्या डॉक्टरांना 'रेनकोटचं रबर' म्हणून खुशाल सांगा, रबराची ॲलर्जी त्यांच्या नेहमीच्या कामातली आहे.

आणि ते पोतं! चौदा रेनकोट एकावर एक कोंबून, पत्र्याखालच्या उकाड्यात? ते एकमेकांना चिकटणार, रंग एकाचा दुसऱ्यात उतरणार, घडीवर तडे जाणार. तुमची आवड खरी असेल तर तिची नीट निगा राखा. कोमट पाणी आणि सौम्य साबण, सावलीत वाळवणं, रुंद हँगर, मध्ये थोडी टाल्कम पावडर. इस्त्री आणि ड्रायक्लीनिंग दोन्ही नकोत, ड्रायक्लीनिंगमधली द्रावणं प्लॅस्टिकचा मऊपणा ओढून घेतात. डांबराच्या गोळ्या लांब ठेवा. रबरी कोटाला तेल लागू देऊ नका, तांब्या-पितळेचा हूकही नको, तांब्याने रबर लवकर कुजतं. पॉलियुरेथेनचा थर दिलेली जाकिटं मात्र आपल्या दमट हवेत काही वर्षांनी आतून सोलून निघायचीच, ती फार जपूनही राहत नाहीत, म्हणून त्यांच्यावर जास्त पैसे घालू नका. नवा पीव्हीसी कोट आणलात की दोन दिवस खिडकीपाशी टांगा. वास आवडतो हे मान्य, पण बंद खोलीत तो दिवसभर नाकात घेणं बरं नाही. हँगरवर चौदा मावत नसतील तर आवडते सात-आठ ठेवा. हे टाकून देणं पूर्वीसारखं लाजेपायी नसेल, निवड म्हणून असेल.

इंटरनेटवर तुमच्यासारखी आवड असणारे भेटतील, जगभर आहेत. त्यांच्याशी बोलून एकटेपणा कमी होतो. मात्र चेहरा दिसेल असा फोटो किंवा व्हिडिओ कोणालाही पाठवू नका. लाज वाटणाऱ्या माणसाला धमकावून पैसे उकळणाऱ्यांचा धंदा सध्या जोरात आहे. कोणी तसं केलंच तर पैसे देऊ नका, १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर तक्रार करा.

या विषयावर मी इतकं उघडपणे का लिहितेय, असं काही वाचकांना वाटेल. याच महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, स्वतः पदरमोड करून. वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांसाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला, आणि १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले, पण कर्व्यांनी लिहिणं थांबवलं नाही. आज तुमच्यासारख्या माणसाने आपलं नाव न लिहिता पत्र पाठवावं आणि त्याला वैद्यकशास्त्राच्या आधाराने साधं उत्तर मिळावं, याची किंमत त्या माणसाने मोजली आहे. तुम्ही लाजेने मान खाली घालून लग्नाला उभं राहावं, हे मला म्हणूनच सहन होत नाही.

राहिला आईचा प्रश्न. आईला सांगायची गरज नाही. तुमच्या खोलीत काय चालतं ते आईला सांगायचं नसतं, तसंच हेही. कपाटात कोट दिसले आणि विचारलं, तर 'मला आवडतात म्हणून घेतले' एवढं पुरे, आणि ते खरंच आहे. साड्या, घड्याळं, पितळेची भांडी जमवणारी माणसं त्यांच्याही ओळखीत असतील. 'एवढे कशाला?' म्हणून थोडं बोलतील. बोलू द्यात. होणाऱ्या बायकोला मात्र आवर्जून सांगा की हे तिने माहेरी-सासरी कुठे बोलायचं नाही, ते तुमचं दोघांचं आहे. आणि लग्न मोडलं तरी हा विश्वास मोडू नये, अशी विनंतीही करा.

गणपतीत दोन्ही घरांचं जाणं-येणं सुरू होईल, मग निवांत वेळ मिळणार नाही. त्याच्या आधीचा एखादा रविवार तिला आजच विचारून ठेवा. ती काय म्हणाली ते मला कळवा, नाही म्हणाली तरी कळवा.

तुमची,
ताई